परत न जाणारं वल्हं

भाऊसाहेबांना कोणी विकत घेऊ शकत नाही, असं भाऊसाहेब स्वतः नेहमी सांगत. खात्री करून घ्यायला मात्र आजवर कोणी फिरकलं नव्हतं.

दिवसा ते विमा कंपनीत दावे तपासत. कोणी 'माझी मोटार भिंतीवर आपटली' असं लिहून दिलं, की ती खरंच आपटली की नेऊन आपटवली, हे शोधून काढायचं. समोरचा खोटं बोलतोय हे आधी धरून चालायचं आणि तो खरं बोलतोय असं निघालं तर थोडं वाईट वाटून घ्यायचं, अशी त्या खात्याची रीत. संध्याकाळी घरी आले की हातपाय धुऊन ते व्हिडिओ गेम खेळायला बसत आणि खेळून झालेल्या गेमचं परीक्षण 'निःपक्ष' नावाच्या स्वतःच्या वेबसाइटवर टाकत. या वयात हे काय खूळ, असं कोणी विचारलंच, तर लोक याच वयात पत्ते कुटतात ते चालतं ना, असं त्यांचं उत्तर तयार असे. गेम स्वतः विकत घ्यायचा, शेवटपर्यंत खेळायचा आणि मगच लिहायचं, हा त्यांचा नियम. या नियमामुळे परीक्षण प्रसिद्ध होईपर्यंत बाकीचं जग तो गेम खेळून, विसरून, पुढच्या गेमला लागलेलं असे. वाचक थोडे होते, पण निष्ठावंत होते. त्यांतला एक फक्त शुद्धलेखनाच्या चुका दाखवायला यायचा. भाऊसाहेब त्यालाही मोजत.

हे सगळं सुखाने चाललं असतं, पण भाऊसाहेबांना साडू होता.

साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. पूर्वी हा माणूस न्हाणीघरातल्या फरशा आणि नळ विकायचा. एकदा भाऊसाहेबांकडे आला असताना त्याने त्यांना गेम खेळताना पाहिलं, 'यावर लिहितात होय?' असं कौतुकाने विचारलं, आणि घरी जाऊन स्वतःचं व्हिडिओ चॅनल काढलं. भाऊसाहेबांच्या मते ही उघड उघड चोरी होती. त्यातून साडूची जीभ फरशा विकून तयार झालेली. चॅनल बघता बघता वर गेलं. आता गेम काढणाऱ्या कंपन्या त्याला गेम बाजारात येण्याआधीच पाठवत, आणि नुसता गेम नव्हे, तर खोक्यातून हेडफोन, जाकिटं, एकदा तर चाकांची उंच पाठीची खुर्ची. ती खोकी तो कॅमेऱ्यासमोर उघडे आणि 'अरे बापरे!' म्हणे. मग गेमबद्दल चार बऱ्या गोष्टी सांगे.

भाऊसाहेब त्याचं चॅनल बघत नसत. प्रत्येक व्हिडिओ ते फक्त अभ्यास म्हणून बघत. साडूच्या मागच्या फळीवर या वेळी नवीन काय आलंय, हे बघायला मध्येच थांबवून चित्र मोठं करत, आणि नंतर जेवताना बायकोला म्हणत, "मिंधेपणाचं प्रदर्शन मांडलंय नुसतं."

"तुम्हाला काय करायचंय? दिसतं ते बघावं आणि वाढलेलं जेवावं," बायको म्हणे.

ठिणगी पडली ती सासऱ्यांच्या घरी. सुट्टीचा दिवस होता, जेवणं झाली होती आणि सासरेबुवा त्या चाकांच्या खुर्चीत बसले होते. साडूने ती सासऱ्यांना देऊन टाकली होती. त्याच्याकडे म्हणे दुसरी आली. सासरेबुवा पायाने जमिनीला रेटा देत खिडकीपासून टीव्हीपर्यंत आणि टीव्हीपासून खिडकीपर्यंत फिरत होते. फिरता फिरता भाऊसाहेबांसमोर थांबले.

"जावईबापू, तुम्हाला काय पाठवतात हो कंपन्या?"

"मी काही घेत नाही," भाऊसाहेब मान ताठ करून म्हणाले.

"ते झालंच. पण पाठवतात काय?"

भाऊसाहेबांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि तो रिकामा आहे हे लक्षात आल्यावरही तसाच धरून ठेवला. साडू मात्र मनापासून म्हणाला, "अहो, भाऊसाहेबांच्या वाटेला जायची कोणाची हिंमत आहे?" ही चेष्टा आहे की काय, याचा विचार भाऊसाहेबांनी घरी पोचेपर्यंत केला आणि ती चेष्टाच आहे असं ठरवलं.

घरात शिरताच त्यांनी जाहीर केलं, "मी खोकं मागवणार."

"बरं झालं. हेडफोन मागवा, मला चालताना गाणी ऐकायला होतील."

"ठेवून घ्यायला नाही. परत करायला. जाहीरपणे."

बायकोने पिशवी खाली ठेवली. "म्हणजे आपल्याला नको असलेली वस्तू आपणच मागायची, आणि आली की ती नको म्हणून सांगायचं?"

असं मांडल्यावर ते जरा विचित्र वाटलं खरं. पण नाकारायचं तर आधी कोणी द्यायला हवं, हा साधा तर्क होता. ब्रह्मचाऱ्यालाही स्थळं सांगून आल्याशिवाय ब्रह्मचर्याची किंमत कळत नाही, असंही ते म्हणाले. त्यावर बायकोने त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तिचा अर्थ लावायच्या भानगडीत ते पडले नाहीत.

सल्ला घ्यायला ते समोरच्या जकातवाल्यांकडे गेले. जकातवाले म्हणजे समोरच्या फ्लॅटमधले निवृत्त जकात अधिकारी. सगळा जन्म लोकांच्या ट्रंका उघडण्यात गेला होता आणि आता उघडायला काही उरलं नसल्यामुळे ते जिन्यातल्या प्रत्येक माणसाची पिशवी नजरेने उघडत. त्यांना कल्पना फार आवडली. "लाच घेताना साक्षीदार नको, परत करताना मात्र पाहिजेच. मी येतो," ते म्हणाले आणि लगेच चपला घालायला लागले. अजून काही आलेलं नाही, हे सांगून त्यांना बसवावं लागलं.

मग भाऊसाहेबांनी एका मोठ्या कंपनीला लिहिलं. कंपनीचा होडीचा एक नवा गेम यायचा होता. आपण स्वतंत्र समीक्षक असून आपल्याला परीक्षणासाठी गेम पाठवावा, अशी विनंती केली. कंपनीने रकाने भरायला पाठवले. 'आपले किती लाख प्रेक्षक आहेत?' या रकान्यात लाखाच्या खालचा आकडा टाकायची सोयच नव्हती. 'आपलं वैशिष्ट्य' या रकान्यात त्यांनी 'मी विकला जात नाही' असं लिहिलं. बरेच दिवस उत्तर आलं नाही. फोन केला तेव्हा तिकडच्या बाईंनी अतिशय गोड आवाजात सांगितलं, "सर, आमच्या यादीतल्या कोणीतरी तुमची शिफारस करावी लागते. ओळखीचं आहे का कोणी यादीत?"

ओळखीचं होतं. तीच तर रड होती.

साडूला फोन लावायला भाऊसाहेबांना बराच धीर गोळा करावा लागला. आधी त्यांनी त्याच्या तब्येतीची चौकशी केली, मग त्याच्या आईच्या तब्येतीची, मग त्याच्या इमारतीच्या लिफ्टची. शेवटी विषय काढला तेव्हा साडू उडालाच. "अहो, एवढंच ना? आत्ता शब्द टाकतो! तुम्ही मला सांगायला किती उशीर केलात!" म्हणजे आपल्याला द्यायची लाचसुद्धा साडूच्या वशिल्याने येणार. त्या संध्याकाळी भाऊसाहेब जेवले नाहीत. बायकोने ताट झाकून ठेवलं आणि ते थोड्या वेळाने उठून जेवले.

खोकं आलं. खोकं म्हणावं की लांबडी पेटी म्हणावी हा प्रश्न होता, कारण ते लिफ्टमध्ये मावेना. आणणाऱ्या माणसाने ते जिन्यातून वर आणलं. प्रत्येक वळणावर ते अडकलं आणि प्रत्येक मजल्यावरचं एकेक दार उघडलं. वर पोचेपर्यंत मागे मिरवणूकच झाली होती. पेटी उघडली तर आत गेमच्या कोडचं कार्ड, आणि एक लाकडी वल्हं. खरंखुरं, भाऊसाहेबांपेक्षा उंच, गुळगुळीत, तेल दिलेलं वल्हं. पात्यावर अक्षरं कोरली होती: 'प्रिय समीक्षकास'.

"साक्षीदार हजर आहे," जकातवाले म्हणाले. "आता परत करा."

भाऊसाहेब अक्षरांकडे बघत होते. साडूच्या मागच्या भिंतीवर असंच वल्हं त्यांनी आदल्याच दिवशी पाहिलं होतं, चित्र मोठं करून. त्यावर साडूचं नाव कोरलेलं होतं. आणि यांना 'प्रिय समीक्षक'.

"नाव नाही टाकलं," ते म्हणाले.

"परतच करायचंय ना? मग नाव असलं काय नि नसलं काय," बायको म्हणाली. बायकोचं म्हणणं बिनतोड होतं, पण बिनतोड बोलण्याने कोणाच्या जिवाला बरं वाटत नाही.

आता परत करायचं. खोकं आणणारा म्हणाला, आणायचं काम आमचं, न्यायचं दुसऱ्या खात्याचं. दुसरं खातं फोन उचलत नव्हतं. तेव्हा भाऊसाहेब आणि जकातवाले वल्ह्याची दोन टोकं खांद्यावर घेऊन भर रस्त्यातून पार्सलच्या कचेरीत गेले. वाटेत लोक आदराने बाजूला होत होते; एकाने फक्त पाणी कुठवर चढलंय असं विचारलं. कचेरीतल्या कारकुनाने टेप लावून वल्हं मोजलं आणि मान हलवली. "लांबी जास्त भरते. दोन तुकडे करून आणा."

"वल्ह्याचे?"

"वस्तू तुमची. कुठून कापायचं ते तुम्ही बघा."

भाऊसाहेब वल्हं घेऊन परत आले. कंपनीच्या वेबसाइटवर परत पाठवायची सोय होती, पण तिथे कारण निवडावं लागे: वस्तू तुटली, वस्तू चुकीची, वस्तू अपूर्ण, वस्तू आवडली नाही. 'तत्त्व' हे कारण कुठेच नव्हतं. 'आवडली नाही' त्यातल्या त्यात जवळचं होतं, पण वल्हं त्यांना आवडलं होतं, आणि खोटे दावे पकडण्यात उमर गेलेल्या माणसाने स्वतः खोटा दावा करायचा हे काही मनाला पटेना. पुन्हा फोन. पुन्हा गोड आवाज.

"सर, म्हणजे वस्तूत काही कमी आहे का?"

"वस्तूत नाही हो बाई. व्यवहारात आहे."

"सर, व्यवहाराला रकाना नाहीये. काहीतरी टिक केल्याशिवाय पान पुढे जात नाही, म्हणून मी 'अपूर्ण'वर टिक करते हं. तुमची तक्रार आम्ही नक्की दूर करू."

तक्रार आठवड्याभरात दूर झाली. दुसरं वल्हं आलं.

"आता होडीची वाट बघा," जकातवाले म्हणाले. बायकोने मात्र दोन्ही वल्ही बाल्कनीत आडवी बांधून टाकली आणि त्यांवर चादरी वाळत घातल्या. बरेच दिवस तिला तिथे दांड्या हव्याच होत्या. विकत न घेता येणाऱ्या माणसाच्या चादरी कंपनीच्या वल्ह्यांवर वाळू लागल्या.

या सगळ्या गडबडीत भाऊसाहेबांच्या हातून एक गोष्ट घडली. आपण नक्की काय नाकारतोय हे माहीत असावं, एवढ्यासाठी त्यांनी तो गेम लावून बघितला.

गेम असा होता, की तुम्ही नावाडी. नदीच्या या काठावरून त्या काठावर माणसं सोडायची. बस. मारामारी नाही, पळापळ नाही. माणसं होडीत बसून बोलतात. कोणी भांडून निघालेलं असतं, कोणी लग्नाला, कोणी उगाच. नावाड्याने वल्हं जोरात मारलं तर काठ लवकर येतो आणि गोष्ट अर्धी राहते. सावकाश मारलं तर गोष्ट पुरी होते, पण काठावरचे लोक ओरडतात. भाऊसाहेब पहिल्या संध्याकाळी अर्धा तास खेळायचं म्हणून बसले आणि बायकोने जेवायला तीनदा हाक मारली. पुढच्या संध्याकाळी ते कचेरीतून लवकर निघाले. शेवटच्या खेपेला एक म्हातारी होडीत बसते आणि काहीच बोलत नाही. भाऊसाहेबांनी इतकं सावकाश वल्हं मारलं, की काठावरचे लोक ओरडून ओरडून निघून गेले. मग ती बोलली. गेम संपल्यावर ते चष्मा पुसत बसले होते आणि तेवढा वेळ त्यांना साडूची आठवणसुद्धा आली नव्हती.

मग आली. गेम चांगला होता. फार चांगला होता. आणि घरात दोन वल्ही होती.

"चांगला म्हटलंत तर लोक म्हणणार, घेतलंन," जकातवाले म्हणाले. "वाईट म्हणा. आमच्या खात्यात ज्याच्या घरचा चहा प्यायचो, त्याचीच ट्रंक आधी उचकायचो."

"त्यात काही सापडायचं?"

"ते महत्त्वाचं नाही हो. दिसायला बरं दिसायचं."

आणि त्याच संध्याकाळी साडूचा व्हिडिओ आला. भाऊसाहेबांनी तो अभ्यास म्हणून लावला. साडू नेहमीसारखा हसत नव्हता. मागच्या भिंतीवर त्याच्या नावाचं वल्हं, आणि वल्ह्यासमोर बसून तो सांगत होता, की हा गेम कंटाळवाणा आहे, पोकळ आहे, कंपनीने आपल्याला महागड्या भेटी पाठवल्या तरी आपण प्रेक्षकांशी खोटं बोलणार नाही. खाली प्रतिक्रियांचा पाऊस. 'याला म्हणतात कणा!' 'असा एक तरी निःपक्ष माणूस उरलाय!'

निःपक्ष! भाऊसाहेबांच्या अंगाचा तिळपापड झाला. छंद चोरला, ठीक. भेटी मिळवल्या, ठीक. सासऱ्यांना खुर्चीत बसवलं, तेही ठीक. पण निःपक्षपणा? तेवढी एकच तर चीज त्यांच्याकडे होती, आणि तीही या माणसाने एका व्हिडिओत पळवली. त्यांनी तिथल्या तिथे परीक्षण लिहायला घेतलं, साडूपेक्षा जहाल. 'हा गेम म्हणजे वेळेचा खून आहे.' छान वाटलं. पुढचं वाक्य: 'म्हातारीचा प्रसंग तर हास्यास्पद आहे.' इथे हात अडला.

रोज टेबलावर येणारे असे कागद ते लांबून ओळखत. तपशील कमी, आव फार. 'हास्यास्पद' लिहिणारा माणूस चष्मा पुसत बसला होता, याला तर ते स्वतःच साक्षीदार होते. असा दावा दुसऱ्या कोणी केला असता, तर त्यांनी लाल शाईने 'नामंजूर' लिहून फाइल फेकली असती. बराच वेळ ते स्वतःवर चरफडत बसले, मग सगळं खोडलं आणि नव्याने लिहिलं. गेम उत्तम आहे, का उत्तम आहे, कुठे थोडा रेंगाळतो, सगळं. आणि सुरुवातीलाच प्रामाणिकपणे टाकलं: 'हा गेम मला कंपनीकडून फुकट मिळाला आहे. सोबत एक वल्हं मिळालं. ते परत करायला गेलो तर आणखी एक मिळालं.'

'निःपक्ष'ला इतके वाचक कधीच लाभले नव्हते. कोणीतरी साडूच्या चॅनलवर दुवा टाकला आणि लोंढा आला. 'दोन वल्ह्यांत विकला गेला.' 'परत करायला गेलो म्हणे! बनवतो कोणाला?' 'साडू बघा कुठे आणि हा कुठे.' नातं कुठून कळलं देव जाणे. शुद्धलेखनवाल्या जुन्या वाचकाने या वेळी एकही चूक काढली नाही. 'आपल्याकडून ही अपेक्षा नव्हती' एवढंच त्याने लिहिलं, आणि ते सगळ्यांत जास्त लागलं.

त्यावर कळस म्हणजे कंपनीने त्यांचं एक वाक्य उचलून जाहिरातीत छापलं, आणि गोड आवाजाच्या बाईंनी फोन करून सांगितलं, "सर, आम्ही तुम्हाला आमच्या खास यादीत घेतलंय. पुढच्या वस्तूवर तुमचं नाव कोरून पाठवू."

फोन ठेवतात तोवर बायको आतून आली. तिला धाकट्या बहिणीकडून बातमी कळली होती. "ऐकलंत का? भावजींना त्या कंपनीने यादीतून काढून टाकलं. परत काही पाठवणार नाही म्हणाले."

"काढलं? त्याला?" भाऊसाहेब उभेच राहिले. "त्याला काढलं आणि मला घेतलं?"

एखाद्याला यावर आनंद झाला असता. भाऊसाहेबांना मत्सराने घाम फुटला. कंपनीने काळ्या यादीत टाकणं हे समीक्षकाचं पदक. ते आयुष्यभर ज्याची वाट बघत होते, ते कालच्या फरशीवाल्याच्या छातीवर लागलं. त्यांनी लगेच बाईंना उलटा फोन करून आपलंही नाव काढायला सांगितलं. काढायला कारण लागतं, आणि तुमच्याबद्दल तर सर तक्रारच नाहीये, असं उत्तर आलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडू दारात उभा. एकटाच. चेहरा उतरलेला.

"या साडूभाऊ," भाऊसाहेब थंडपणे म्हणाले. "अभिनंदन. कणा बरा आहे ना?"

साडू बसला. चपलांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "भाऊसाहेब, तुमचं परीक्षण वाचलं. म्हातारीवर जे लिहिलंत ना, अगदी तसंच आहे ते. मी दोनदा खेळलो तो गेम. दोन्ही वेळा रडलो."

भाऊसाहेबांना वाटलं आपण चुकीचं ऐकतोय. "मग पोकळ आहे म्हणालात ते?"

"खोटं बोललो."

"पण का? कोणी पैसे दिले?"

"पैसे कोण देणार वाईट म्हणायला?" साडू कळवळून म्हणाला. "सासरेबुवा. लग्न झाल्यापासून ऐकतोय. मी काहीही नेऊन दिलं, की ते वापरतात आणि म्हणतात, 'धाकटे जावई हौशी आहेत हो, पण थोरल्यांना कोणी विकत घेऊ शकत नाही.' परवा त्या खुर्चीत बसून म्हणाले! मी दिलेल्या खुर्चीत! म्हटलं, एकदा तरी आपल्याबद्दल कोणी असं म्हणावं. म्हणून तुम्ही लिहाल तसं बोलायला गेलो. मला वाटलं, तुम्ही नक्की झोडपणार. आणि तुम्ही खरं काय ते लिहून मोकळे झालात, शिव्या खाल्ल्यात. मला नाही ते जमलं. जळतो हो मी तुमच्यावर भाऊसाहेब. आजचं नाही, पहिल्यापासून."

साडूचे डोळे भरून आले होते. थोरल्या माणसाने अशा वेळी पाठीवरून हात फिरवावा, चुकतं माणूस, उद्या नवा व्हिडिओ करून खरं सांगून टाका, असं काहीतरी शहाणपणाचं बोलावं. भाऊसाहेबांना ते सगळं सुचलं होतं आणि ते सगळं ते सांगणारही होते, नंतर. आत्ता त्यांच्या छातीत असं काही भरून आलं होतं, की त्यांना आधी नीट श्वास घ्यावा लागला.

"अगं, जरा बाहेर ये," त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली. "आणि चहा टाक. चांगला टाक." मग त्यांनी खुर्ची साडूच्या अगदी जवळ ओढली, त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच अतिशय प्रेमाने म्हणाले, "साडूभाऊ, आत्ता जे म्हणालात ना, ते हिच्यासमोर पुन्हा एकदा सांगा. अगदी पहिल्यापासून. सावकाश."